पाथरीची थंडी आणि लेकरांचे रिकामे हात

परभणीची थंडी मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणारा हा जिल्हा डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांमध्ये गणला जातो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. कल्याण-निर्मळ महामार्गावरचं पाथरी याच पट्ट्यात येतं. दक्षिणेला गोदावरी, जायकवाडीच्या कालव्याखालचा ऊस, बाकी मोकळी काळी जमीन. उत्तरेचं वारं अडवायला डोंगर नाही. पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की थंडी थेट डोक्यापर्यंत चढते.

पण या थंडीला वेळेचं भान आहे. सकाळी नऊ-दहापर्यंत ती असते, दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांचं मऊ ऊन पडतं आणि दिवस मावळला की ती पुन्हा दारात येते. म्हणजे लहान मुलाने घरात थांबावं असे दिवसाचे दोनच तुकडे असतात, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. मधले पाच-सहा तास अंगणातच जायला हवेत. पाथरीतल्या अनेक घरांमध्ये मात्र दिवाळीनंतर नेमकं उलट होतं. ‘लेकराला हवा लागंल’ या धास्तीने दोन-तीन वर्षांचं मूल कानटोपी, स्वेटर आणि बंद दारामागे दिवसभर ठेवलं जातं. ते किरकिर करू लागलं की हातात मोबाइल येतो. मूल गप्प बसतं आणि घर आपल्या कामाला लागतं.

सर्दी थंड हवेने नव्हे, विषाणूंमुळे होते. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत सात-आठ माणसं एकत्र बसली, तर ते विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जास्त सहज जातात. नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांत बर्फातही बालवाडीची मुलं रोज बाहेर खेळतात, तान्ही बाळं नीट पांघरून बाबागाडीत अंगणात झोपवली जातात. पाथरीच्या दुपारच्या उन्हाला घाबरायचं काहीच कारण नाही. तेव्हा ‘थंडीत घरात काय खेळायचं’ हा प्रश्न इथे जेमतेम चार-पाच तासांचा आहे. तेवढाच असला तरी तो फार मोलाचा आहे, कारण याच तासांत मोठी माणसं घरात असतात आणि मुलाला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते.

पाथरीच्या घराला खेळणी विकत आणायची फारशी गरज नाही. हिवाळ्यात या घरांत जे साहित्य येऊन पडतं, ते चांगल्या बालशाळेलाही हेवा वाटावा असं असतं. कमी पडतो तो मुलाजवळ बसणारा, त्याच्याशी बोलणारा माणूस. आणि माणूस कमी पडण्याचं कारण आईबापांची बेपर्वाई हे नसून या भागाचा हंगाम हे आहे. कापूस वेचणी, ऊसतोड, रब्बीचं पाणी ही सगळी कामं याच चार महिन्यांत दाटून येतात. म्हणून मुलांच्या खेळाचा विचार नुसत्या घरापुरता करता येत नाही, तो गावाला आणि सरकारलाही करावा लागतो.

आधी घरातल्या साहित्याकडे पाहू.

मानवत-पाथरी पट्ट्यात वेचणी सुरू झाली की भाव चढेपर्यंत कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवतात. त्या ढिगात उड्या मारायचा मोह मुलांना आवरत नाही. तो आवरायलाच हवा, कारण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि त्याचा तुसा नाकातोंडात जातो. पण त्यातली चार स्वच्छ बोंडं घेऊन आजीजवळ बसलेलं मूल काय काय करतं हे बारकाईने पाहावं. ते सरकी चिमटीत धरून ओढतं. सरकी सुटत नाही. मग एका हाताने कापूस धरून दुसऱ्या हाताने ओढायचं हे त्याचं त्यालाच कळतं. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगवेगळी कामं करणं तीन वर्षांच्या मेंदूसाठी मोठी झेप असते. पुढे आजी फुलवात वळायला शिकवते. पुंजका हातावर पसरायचा, बोटाला किंचित दूध किंवा राख लावायची आणि अंगठा व तर्जनीमध्ये टोक फिरवायचं. पहिल्या दहा वाती बोळ्यासारख्या होतात, अकरावीला कदाचित शेंडा येतो. हीच चिमूट पुढे पेन्सिल धरणार असते.

त्याच संध्याकाळी शेजारच्या घरातलं त्याच वयाचं मूल चार रेघी वहीत एकाखाली एक अक्षर गिरवत बसलेलं असतं. इंग्रजी नाव लावलेल्या खासगी केजीच्या शाळा आता तालुक्यातल्या अनेक गावांत आहेत. फी भरली की वही भरलेली दिसली पाहिजे, अशी पालकांची अपेक्षा असते. ती समजण्यासारखी आहे. ज्यांच्या आईवडिलांना शाळा मिळाली नाही, त्यांना लिहिलेलं पान हाच पुरावा वाटतो. पण शरीराचं गणित वेगळं आहे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली जेमतेम तीन टणक झालेली असतात, बाकीची त्यानंतर एकेक करून तयार होतात आणि शेवटचं तर शाळेत बरीच वर्षं गेल्यावर. ज्या हाताचं मनगट अजून बरंचसं कूर्चेचं आहे, त्याच्याकडून अर्धा तास गिरवून घेणं हा त्या हातावर अन्याय आहे. वाती वळणारं, शेंगा सोलणारं, कणकेचा गोळा थापणारं मूल त्या अर्ध्या तासात लिहिण्याची खरी तयारी करत असतं. फक्त त्याची वही भरत नाही.

तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, भुईमूग, बोरं, पेरू, उसाची कांडी असं काहीतरी पाथरीच्या बाजारात आणि शेतात डिसेंबरभर असतंच. शेंगा सोलताना मूल आपसूक निवड करतं. भरलेली शेंग इकडे, पोचट तिकडे, किडकी बाजूला. एका शेंगेत तीन दाणे, दुसरीत पाच. ‘तुझी ओंजळ भरली का माझी?’ या प्रश्नात मापन आहे, तुलना आहे, अंदाज आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०१९ साली देशातल्या २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तिच्यात अशाच गोष्टी तपासल्या होत्या: वस्तू गटांत लावणं, लहान-मोठा क्रम लावणं, नक्षी ओळखून पुढची ओळखणं. या गोष्टी ज्या मुलांना चांगल्या जमत होत्या, त्यांचं वाचन आणि अंकज्ञानही चांगलं होतं. त्या पाहणीचा सूर स्पष्ट होता. एवढ्या लहान वयात अक्षर-अंकांची घाई करण्यापेक्षा अशा खेळांनी पाया पक्का होतो.

एक गोष्ट मात्र इथे ठासून सांगायला हवी. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ हरभरा, शेंगदाणा, चिंचोका, बोराची बी, सुटे मणी ठेवू नयेत. या वयात वस्तू तोंडात घालून पाहणं हीच ओळख करून घेण्याची रीत असते आणि दाणा श्वासनलिकेत अडकला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. तान्ह्यांना मोठ्या वस्तू द्याव्यात, पळी, वाटी, लाटणं, झाकण, कापडाचा चेंडू. आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून मुलांना झोपवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेत काही कळतच नाही.

घरातलं दुसरं मोठं साहित्य म्हणजे वाकळ. जुन्या लुगड्यांची, धोतरांची, सदऱ्यांची तुकडे जोडून शिवलेली ही वाकळ मराठवाड्यातल्या गरिबाच्या घरातही असते. सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत तिच्याखाली एक आख्खं जग उभं राहू शकतं. दोन पाट आणि एक वाकळ एवढ्यात गुहा तयार होते. रांगणाऱ्या बाळासाठी तो बोगदा असतो. अंधारात शिरून पलीकडच्या उजेडात आईचं तोंड पाहायचं, पुन्हा आत जायचं. दिसेनाशी झालेली गोष्ट नाहीशी झालेली नसते, हे बाळाला अशाच खेळातून उमगतं. चार वर्षांच्या मुलासाठी तीच वाकळ रंग, आकार आणि घराचा इतिहास असते. ‘हा हिरवा तुकडा कुणाचा? आजीच्या लुगड्याचा. आणि हा रेघांचा?’ एका पांघरुणावरून अर्धा तास गप्पा होतात आणि त्या गप्पांत मुलाच्या कानावर ‘जरी’, ‘काठ’, ‘टाका’, ‘उसवणं’, ‘ठिगळ’ असे शब्द येतात. ते कुठल्याच बालगीतांच्या चित्रफितीत नसतात. पडदा मुलाला बोलून दाखवतो, पण मूल काय म्हणालं ते ऐकत नाही. भाषा वाढते ती उत्तर-प्रत्युत्तराने. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको, असं म्हटलं आहे. त्याच तत्त्वांत तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली साठ मिनिटं दम लागेल अशी असावीत, असंही आहे. कानटोपी घालून खाटेवर बसवलेल्या मुलाच्या दिवसात ही १८० मिनिटं कुठून येणार?

ती घरातही येऊ शकतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर एका रेषेत टाच-पंजा लावत चालणं, एका फरशीवरून दुसरीवर लंगडीने जाणं, उंबरठ्यावरून दोन पायांनी उडी मारणं, बहिणीबरोबर फुगडी घालणं. यासाठी दहा बाय दहाची खोली पुरते. फरशी गार असेल तर वर पोतं किंवा सतरंजी टाकावी.

आणि मग ‘चिमणी उड, कावळा उड’. मराठी घरात हा खेळ माहीत नसलेलं माणूस सापडणं कठीण. सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचं. चिमणी म्हटलं की उचलायचं, म्हैस म्हटलं की ठेवायचं. सांगणारा मात्र म्हैस म्हणतानाही स्वतःचं बोट उचलतो. समोरच्याचं बोट उचललेलं दिसतंय, मन उचल म्हणतंय, तरी थांबायचं. हे थांबणं लहान मुलासाठी अतिशय अवघड असतं. मानसशास्त्रज्ञ याला आत्मनियमन म्हणतात. ऐकलेलं लक्षात ठेवणं, आलेली ऊर्मी रोखणं, नियम बदलला की वागणं बदलणं या तिन्ही गोष्टी त्यात येतात. पहिलीच्या वर्गात कोणतं मूल रुळेल हे ठरताना या क्षमतेचं वजन फार असतं. तिच्यासाठी जगभरात महागडे संच विकले जातात. पाथरीत ती संध्याकाळच्या जेवणाआधी चुलीपुढे फुकटात मिळते, फक्त म्हैस उडवायला एक मोठं माणूस लागतं. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही याच जातीचा आहे.

संक्रांतीच्या आधी कुंभार सुगडी आणतो, त्यांच्याबरोबर छोटी बोळकीही असतात. मुली आणि लहान वयात मुलगेही त्यांची भातुकली मांडतात. मोहल्ल्यातल्या उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांत गुड्डा-गुडियाचं लग्न लागतं, मराठी घरांत बाहुला-बाहुलीचं. पाथरीत ही दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि अनेक मुलं दोन्ही लग्नांत जेवून येतात. खेळाच्या ओघात दोन भाषा शिकण्याची ही संधी शहरातल्या मुलांना पैसे देऊनही मिळत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी नक्कल-खेळाबद्दल फार महत्त्वाची गोष्ट मांडली. खेळात मूल मुक्त असतं खरं, पण घेतलेल्या भूमिकेचे नियम ते स्वतःहून पाळतं. ‘आई’ झालेली चार वर्षांची मुलगी रडत नाही, कारण आई रडत नसते. स्वतःला आवरायला मूल इथे शिकतं.

बोरन्हाण तर खास याच ऋतूचा संस्कार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि बोरं, मुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओततात. हल्ली त्यात चॉकलेटं आली आणि छायाचित्रकारही आला, हरकत नाही. शेजारची वीस मुलं मुरमुऱ्यांवर तुटून पडतात, वेचतात, एकमेकांना देतात-घेतात. थंडीच्या दिवसांत इतकी मुलं एका खोलीत एकत्र आणण्याची ही एक जुनी, शहाणी रीत आहे. ती एका दिवसापुरती का असावी? गल्लीतल्या चार घरांनी ठरवलं, तर आठवड्यातून एक संध्याकाळ एका घरात मुलं जमवता येतील.

साध्या वस्तूंनी खेळून काय होणार, अशी शंका घेणाऱ्यांना जमैकाचं उदाहरण द्यायला हवं. १९८६-८७ च्या सुमारास किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या काहींच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी न्यायची, आईसमोर मुलाशी खेळायची आणि मग आईला खेळायला लावायची. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं, तेव्हा ज्यांच्या घरी सेविका जात होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ही आकडेवारी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे पस्तीस मुलं खुजी आहेत. म्हणजे जमैकाच्या त्या बाळांसारखी बाळं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना आहार हवाच, पण आहाराबरोबर तासभर खेळणारं माणूसही हवं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा जन्म तिथला. माँटेसरींची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि शिंपले, बिया, पानं, दगड हाती घेतले. गुरं राखणारी मुलं येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणात शाळा भरवली. मूल जिथे असेल तिथे जायचं आणि तिथल्याच वस्तूंनी शिकवायचं. या दोन गोष्टींवर त्यांनी आयुष्य उभं केलं. पाथरीच्या हिवाळ्याला आज नेमकी हीच दिशा लागू पडते.

इथे कुणी म्हणेल, शेंगा सोलणं आणि सरकी काढणं याला खेळ म्हणून पोरांना कामाला जुंपण्याचा हा मार्ग आहे. आक्षेप गंभीर आहे, कारण कापूस वेचणीत मुलांचे हात वापरण्याचा इतिहास या भागाला आहे आणि तो संपलेला नाही. सीमारेषा कुठे आहे हे स्पष्ट सांगता येतं. मूल वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतं का? त्याने किती केलं हे कुणी मोजतं का? त्याच्या हातून झालं नाही तर घराचं काही अडतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि उरलेल्या दोन्हींचं ‘नाही’ असेल तर तो खेळ. एकही उत्तर फिरलं की ती मजुरी, मग ती स्वतःच्या घरातली का असेना. आठ वर्षांच्या मुलीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवणं हे या कसोटीवर उतरत नाही.

दुसरा आक्षेप आयांचा आहे आणि तो त्याहून खरा आहे. दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या बाईला ‘आता मुलाशी दर्जेदार खेळा’ असं सांगणं निर्दयपणाचं होईल. म्हणूनच वरचे सगळे खेळ कामात मिसळणारे आहेत. भाकरी थापताना एक गोळा मुलाला देता येतो, वाकळ घालतानाच गप्पा होतात. पण याहून महत्त्वाचं म्हणजे घरात दुसरंही मोठं माणूस असतं. संध्याकाळी पाथरीच्या चौकांत, पारांवर शेकोट्या पेटतात आणि त्यांच्याभोवती तासन् तास बापे बसतात. त्यातल्या एका तासावर त्यांच्या लेकरांचा हक्क आहे. बाप म्हैस उडवू शकतो, गोष्ट सांगू शकतो, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करून देऊ शकतो. साल सोलून आतलं भेंड काढायचं, त्याची चाकं करायची, सालीच्या काड्यांनी जू जोडायचं. ही कला अजून चाळिशी-पन्नाशीच्या बापांच्या बोटांत आहे. साल धारदार असते, म्हणून सोलायचं काम बापाचं आणि जोडायचं मुलाचं.

इथवरचं सगळं ज्यांना घर आहे त्यांच्यासाठी. पाथरी तालुक्यात हिवाळ्यात अशीही मुलं असतात, ज्यांच्याकडे दार लावायला दारच नसतं.

गाळप हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याच वेळी तालुक्यात देवनांद्रा आणि लिंबा इथे साखर कारखाने असल्याने बाहेरच्या टोळ्या इकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे पहाटे तीन-चारला फडात जाणं चुकत नाही. थंडी सर्वांत कडक असते तेव्हाच. तान्हं मूल बरोबर जातं आणि बांधावर वाढ्यांच्या ढिगाशेजारी झोपवलं जातं, नाहीतर पाचटाच्या कोपीत थोरल्या बहिणीजवळ राहतं. ‘घरातले खेळ’ हा शब्दप्रयोग इथे लागूच होत नाही. या मुलांचं नाव गावच्या अंगणवाडीत असतं आणि मूल दुसऱ्याच तालुक्यात. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा झाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र आईपासून दूरचं वसतिगृह हे उत्तरच नाही. त्यांना कोपीजवळ पाळणाघर लागतं.

असं होऊ शकतं, याला पन्नास वर्षांहून जुना दाखला आहे. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची मुलं मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस ही संस्था त्यातून उभी राहिली आणि मुंबई-पुण्याच्या बांधकामांपर्यंत तिचं काम पोहोचलं. काम जिथे चालू, तिथे पाळणाघर. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या कामावर. उसाच्या फडाला हीच रचना हवी. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पालना’ योजना केंद्र सरकारने मिशन शक्तीत घेतली आहे. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात ती जागा दरवर्षी जवळपास तीच असते. टोळ्या कधी येणार हे कारखान्याला आधी ठाऊक असतं. तरीही दरवर्षी नोव्हेंबरात या मुलांचं अस्तित्व नव्याने शोधावं लागतं, हे पटत नाही.

यात अंगणवाडी सेविकेचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंची अंगणवाडी देशभर पसरली. राज्यात आज एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण सेविका अजूनही मानधनावरच. वजनं, लसीकरण, आहारवाटप, सर्वेक्षण आणि पोषण ट्रॅकर या ॲपवरच्या नोंदी हे सगळं झाल्यावर उरलेल्या वेळात बालशिक्षण. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जवळपास पन्नास दिवस चालला. म्हणजे त्या वर्षीची ऐन थंडी तीन ते सहा वयाच्या कितीतरी मुलांनी अंगणवाडीविना काढली. त्या बायकांच्या मागण्या रास्त होत्या. ज्या कामाला पुढच्या पिढीचा पाया म्हणायचं, ते करणाऱ्या बाईला कर्मचारी म्हणायचं नाही, हे चालणार नाही.

वेळेचंही पाहावं लागेल. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप हे त्यामागचं कारण होतं. पाथरीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत तो अंगणवाड्यांनाही मनापासून लागू व्हावा. पहिला तास आत सतरंजीवर बसके खेळ, मग ऊन चढलं की दुपारपर्यंत बाहेर. शक्य असेल तिथे पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी आई, बाप, आजी यांना बोलावून वात, वाकळ, धाटाची गाडी असे खेळ त्यांच्याकडूनच करून घ्यावेत. राज्याच्या ‘आकार’ बालशिक्षण अभ्यासक्रमात स्थानिक साहित्याला जागा आहे. ती जागा पुण्या-मुंबईत छापलेल्या तक्त्यांनी भरण्याची गरज नाही.

आणि मदत लांबून आणायचीही गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. तिथे मानवी विकास हा विभाग आहे आणि त्याची स्वतःची बालशाळा चालते. पाथरी तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. विद्यार्थिनींना गावात जाऊन काम करायचंच असतं. त्यांच्या एका तुकडीने दिवाळीनंतर देवनांद्र्याच्या तळावर मुक्काम केला, तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाने दोन सेविका जोडून दिल्या, कारखान्याने एक पत्र्याची शेड, पाणी आणि संडास दिला आणि टोळीतल्याच एका बाईला कोयत्याऐवजी त्या शेडमध्ये रोजगार मिळाला, तर शंभर कोप्यांची मुलं पहाटे फडावर न्यावी लागणार नाहीत. बैठक गळिताच्या पहिल्या मोळीआधी, ऑक्टोबरात व्हायला हवी. नंतर टोळ्या आलेल्या असतात आणि प्रत्येक जण कामात असतो.